मुलुंडचा हवामहल

भांडुप (पश्चिम),
जूनचा पहिला रविवार

चि. हरेश्वर यास,

भांडुपहून दादाचे आशीर्वाद. (गेल्या वर्षीचे अजून शिल्लक असतील तर हे तुझ्या बायकोला, दर्शनाला दे. तुमच्याकडे हल्ली सगळंच शिल्लक असतं.) तुझी तब्येत चांगली असणारच, बाराव्या मजल्यावर हवा छान येते म्हणतात. दर्शनाचा खोकला गेला का? श्रुतिकाचं कॉलेज सुरू झालं का, की पोरगी अजून रील्सच काढतेय? आमच्याकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे आहेत तसेच आहेत, माझं पित्त आहे तसंच आहे, आणि नळाला पाणी येतं तेवढंच येतं. काळजी करू नकोस. करत नसशीलच, पण पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

पत्र बघून दचकू नकोस. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मी बाहेर पडलोय हे तुला माहीत आहे. (माहीत असून कोणी परत घेतलं नाही, हे मला माहीत आहे.) फोन करावा तर ऐन मुद्द्यावर आलो की तू म्हणतोस, दादा, एक मिनिट, दुसरा कॉल येतोय. पत्रात दुसरा कॉल येत नाही. तू दोनदा फोन करून पाटाचं विचारलंस, मूर्तीवाला मागतोय, कधी आणून देतोस, म्हणून. त्याचं उत्तर देतो. पण त्याआधी मी आणि नलिनी जयपूरला जाऊन आलो ते ऐकावं लागेल, कारण ते ऐकल्याशिवाय पाटाचं उत्तर तुझ्या डोक्यात शिरायचं नाही. हो, जयपूरला. जयपूर काय तुझ्या एकट्याच्या नावावर केलेलं नाही.

आता पाट म्हणजे काय हे तुला सांगायची गरज नाही, तरी सांगतो, कारण टॉवरात राहायला गेल्यावर माणसं विसरतात. बाबा गिरणीत लागले तेव्हा गावाहून येताना जे थोडंफार घेऊन आले त्यात हा फणसाच्या लाकडाचा पाट. दरवर्षी तो आधी मूर्तीवाल्याकडे जायचा, त्यावर मूर्ती घडायची, आणि चतुर्थीला गणपती त्याच पाटावर बसून घरी यायचे. बाबा गेल्यावर पाट थोरल्याकडे, म्हणजे माझ्याकडे आला. पाट ज्याच्या घरी, गणपती त्याच्या घरी, यावर आपल्यात कधी वाद झाला नाही. गेल्या वर्षी आमच्या बिल्डिंगची दुरुस्ती निघाली, जिन्यात बांबू, दारात सिमेंटच्या गोणी, म्हणून एका वर्षापुरता (एका, हऱ्या) गणपती तुझ्याकडे बसवायचं ठरलं. पाट मी माझ्या हाताने रिक्षात मांडीवर धरून मुलुंडला आणला आणि विसर्जनानंतर माझ्या हाताने परत नेला. आणि त्या पाच दिवसांच्या गणपतीला तू मखर काय केलंस, तर हवामहल.

मी म्हणत नाही वाईट होता. वाईट असता तर मी वर्षभर शांत झोपलो असतो. पुठ्ठ्याचा, गुलाबी, छतापर्यंत पोचलेला, खिडकी-खिडकीत बारीक दिवा, आणि मधोमध आपले गणपती, जणू जयपुरातच जन्मले. आलेली माणसं दारातच थबकत होती, चपला काढायचं विसरत होती. तुमच्या सोसायटीने पहिलं बक्षीस दिलं, ती ट्रॉफी गणपतीपेक्षा उंच. माझा कैलास पर्वत इतकी वर्षं लोकांनी बघितला. तपकिरी कागद, त्यावर कापसाचा बर्फ, आणि शंकराच्या जटेतून खरं पाणी. (एकदाच जरा जास्त पडलं, खालच्यांचा टीव्ही गेला, त्यांनी भरपाई मागितली नाही, देवाचं काम होतं.) लोक ‘छान’ म्हणायचे. ते ‘छान’ कसलं होतं ते मला गेल्या वर्षी तुझ्या हॉलमध्ये उभं राहून कळलं. तुमच्या घरी तर मोदकसुद्धा बचत गटाच्या बायकांकडून मागवलेले. मी आधी नाक मुरडलं, मग मोजून न ठेवता खाल्ले, आणि तरी कोणाचं माझ्याकडे लक्ष नाही. वर सुंदराबाई आत्या. नव्वदीला टेकलेली बाई, माझ्या कैलासासमोर दरवर्षी डुलक्या काढायची. ती तुझ्या सोफ्यावर ताठ बसून सगळ्यांसमोर मला म्हणाली, “सहदेवा, आता गणपती हयच रवांदे रे. पाट देऊन टाक हरेश्वराक.” त्या क्षणी मी ग्रुप सोडला. म्हणजे घरी आल्यावर सोडला, तिथे रेंज नव्हती.

तेव्हाच मनात धरलं की खरा हवामहल एकदा जाऊन बघायचा. इतिहासासाठी नाही, खोटं कशाला बोलू. तुझ्या हवामहलात चूक काढायला. इतकं हुबेहूब कोणाला जमत नाही रे. एखादा मजला बुटका असेल, खिडक्या कमी असतील, रंग तरी फसला असेल. ती एक चूक पकडून आणायची, आत्यासमोर ठेवायची आणि पाट भांडुपातच ठेवायचा, असा बेत. नलिनीला हे बोललो नाही. तिला म्हटलं, लग्न झाल्यापासून तुला कुठे फिरायला नेलं नाही, चल, जयपूर बघून येऊ. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. (तिच्या मते आमचा मधुचंद्र जेजुरीला झाला आणि सोबत आई होती.) मग दोन दिवस ती गाणं गुणगुणत होती. मला जरा कसंसंच झालं, पण तिकिटं काढून झाली होती.

तू गेलास मखराच्या आदल्या डिसेंबरात, शाल पांघरून. आम्ही गेलो मे महिन्याच्या शेवटी, कारण तू पाटाची घाई लावलीस. बोरिवलीला गाडीत बसलो, टीसीने तिकीट बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, कोई बीमार है क्या उधर? मी म्हटलं, घूमने जा रहे हैं. तो पुढच्या डब्यात गेला, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या टीसीला आम्हाला दाखवायला घेऊन आला. जयपूरला उतरल्यावर कारण समजलं. भाकरी तव्यावर टाकल्यावर तिला काय वाटत असेल ते मला स्टेशनबाहेर रिक्षा शोधताना कळलं.

उतरलो तुझ्याच हवेलीत. (पत्ता तू दिला नव्हतास. श्रुतिकाच्या फोटोत मागे पाटी होती, ती मोठी करून वाचली.) हवेलीच्या मालक शेठनी माझं आडनाव वाचलं आणि दोन्ही हात पसरून विचारलं, मुलुंडवाले हरेश्वरजी आपके कौन? मी म्हटलं, लांबचा आहे. नलिनी म्हणाली, सख्खा धाकटा भाऊ. झालं. तिथून पुढे जयपुरात मी सहदेव उरलोच नाही, हरेश्वरजींचा मोठा भाऊ झालो. टेबलामागे तुझा फेट्यातला फोटो फ्रेम करून लावलाय. हरेश्वरजींनी आमच्या स्वयंपाकी महाराजांकडून दालबाटी शिकून घेतली. हरेश्वरजींनी आमच्या माताजींना मराठी आरती म्हणून दाखवली. हरेश्वरजींनी वरच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून दिला. अरे, पैसे भरून राहायला गेलास आणि पंखा दुरुस्त करून आलास? आमच्या घरचा पंखा तीन वर्षं कुरकुरतोय, त्याच्याखाली बसून तू चहा पितोस आणि म्हणतोस, दादा, आवाज येतोय. शेठनी हौसेने मलाही फेटा बांधला. गुंडाळत आणला, गुंडाळत आणला, आणि शेवटचा पीळ देताच फेटा सरळ नाकावर. दोघांचा बाप एक, मग डोकी एका मापाची नकोत? नलिनीने तेवढ्यात फोटो काढला. तो ग्रुपवर आला असेल तर मला कळव, म्हणजे ग्रुपमध्ये परत यायचं की नाही ते मी ठरवतो.

त्यातच चटणीचं प्रकरण झालं. आपण मालवणी माणसं, कुठेही गेलो तरी सुकी मासळी सोबत लागते. नलिनीने जवळ्याची चटणी बरणीत, बरणी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी टॉवेलात अशी बांधून आणली होती, की परमुलखात तोंडाला चव म्हणून. हवेली शुद्ध शाकाहारी, माताजींना तर लसणाचं नावही चालत नाही. दुपारी लाइट गेली, एसी बंद पडला, खोली तापली आणि चटणीने तोंड उघडलं. आधी एक मांजर आलं. मग अंगणात चार-पाच मांजरं आमच्या दाराकडे तोंड करून बसली, जणू काही सभा आहे. शेठ नाकाला रुमाल लावून मोरी बघत फिरायला लागले. मी पाणी खात्यात आयुष्य काढलेला माणूस, म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं, आणि मी गंभीर चेहऱ्याने प्रत्येक जाळीवर वाकून वास घेत, ड्रेनेजची लाइन जुनी झालीय, बदलावी लागेल, असं सांगत होतो. तोवर नलिनीने बरणी पदराआड धरून मागच्या गल्लीत नेली आणि मांजरांना जेवू घातलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, मांजरांच्याही. वास गेला. शेठनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, हरेश्वरजी ठहरे थे तब ऐसा कभी नहीं हुआ.

बाकी शहर म्हणशील तर मानलं. राजाने आधी कागदावर आखलं आणि मग वसवलं. रस्ते सरळ, चौक ऐसपैस, दुकानं सगळी एका उंचीची आणि एका रंगाची. (गुलाबी म्हणतात, मला गेरूसारखा वाटला, पण दुकानदारांशी वाद घालून झाल्यावर मी सोडून दिलं.) आमेरच्या किल्ल्यात शीशमहल आहे, भिंतभर आरसे, आणि प्रत्येक आरशात मी घामाने निथळताना. जंतरमंतरात दगडाचं भलंमोठं घड्याळ आहे, सावलीवर चालतं. मी माझ्या घड्याळाशी लावून बघितलं तर मागे. बंद पडलंय म्हणालो, तर तिथला माणूस म्हणाला, ते जयपूरची वेळ दाखवतं, तुमचं सगळ्या देशाची. मला ते पटलं. भांडुपची वेळ वेगळी आणि मुलुंडची वेगळी असू शकते, सध्या मुलुंडची चांगली चालू आहे. सगळ्यात आवडला तो जलमहल. तळ्याच्या मध्ये उभा, आत जाता येत नाही, काठावरूनच बघायचा. तिथे मी बराच वेळ थांबलो, कारण तिथे तूही आत गेला नव्हतास.

हवामहल मी शेवटी ठेवला होता. सकाळी ऊन त्याच्या तोंडावर पडतं, तेव्हा गेलो. समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो, मोबाईलवर तुझ्या मखराचा फोटो उघडला आणि एक डोळा फोटोवर, एक डोळा खऱ्यावर, असं मजल्यामजल्याने तपासत गेलो. वरचे मजले तू निमुळते केले होतेस, मला वाटलं होतं पुठ्ठा संपला असणार. खरेच निमुळते आहेत. खिडक्यांवरचे ते छोटे घुमट, मला वाटलं होतं दर्शनाच्या इडलीपात्रातून काढलेत. खरेच तसे आहेत. रंग तोच. जाळी तीच. हऱ्या, रस्त्यावर उभं राहून मला रडायला यायचं बाकी होतं. मग आठवलं की पिशवीत माझा खात्यातला जुना टेप आहे, मापात तरी चुकला असशील. रस्ता ओलांडला आणि टेपचं टोक भिंतीला लावलं, तोच शिट्टी वाजली.

गार्ड आला. सुमेरसिंग नाव, मिशा अशा की त्याला फेट्याची गरज नाही. यह क्या कर रहे हो, म्हणून दरडावलं. मी सरळ मोबाईल पुढे केला. त्याने फोटो बघितला, मोबाईल डोळ्यांजवळ नेला, टोपी काढली आणि फोटोतल्या गणपतीला नमस्कार केला. अरे, यह तो अपना हवामहल है, म्हणून त्याने दुसऱ्या गार्डला बोलावलं, दुसऱ्याने चहावाल्याला, आणि बघता बघता माझ्याभोवती घोळका झाला. किसने बनाया, असं सुमेरसिंगने विचारलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मैंने.

निघून गेलं ते गेलं. माघार घ्यायला वेळच मिळाला नाही, माणसं हात मिळवत होती. सुमेरसिंग म्हणाला, साहब, ये जाली कैसे काटी? आता वाट लागली. मला काय माहीत जाळी कशी कापतात, मी आयुष्यभर कैलास केला, कैलासाला जाळी नसते. नलिनी शेजारी पाण्याची बाटली घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. ते बघणं तुला माहीत नाही, तुझं लग्न अजून तेवढं जुनं झालेलं नाही. मग ती शांतपणे म्हणाली, “पुराना शादी का कार्ड रहता है ना, उसका दुहेरी घडी घालके, नेलकटर के कैंची से काटा.” घोळक्याने मान डोलावली. (तिला हे माहीत, कारण गेल्या वर्षी दर्शनाबरोबर बसून निम्मी जाळी तिनेच कापली होती. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात मी दुरुस्तीवाल्यांवर देखरेख करत होतो.)

सुमेरसिंग आम्हाला मानाने मागच्या बाजूला घेऊन गेला, आत जायचं दार तिकडेच आहे. आणि मागून बघतो तर काय? पुढून एवढी नक्षी आणि मागून साधी भिंत, साध्या गच्च्या. वरचे मजले तर एका खोलीएवढे जाड. अरे, हे मखरच की. पुढून राजेशाही, मागून मोकळं. मला इतका आनंद झाला की विचारू नकोस. सापडली चूक, म्हटलं, हऱ्याने मागची बाजू... आणि आठवलं. तुझ्या मखराच्या मागे मी वाकून बघितलं होतं. नुसती वर्तमानपत्रं आणि सेलोटेप. म्हणजे मागूनसुद्धा बरोबर. तिथे मी पायरीवर बसलो. नलिनी वर एका खिडकीत जाऊन बसली होती. सुमेरसिंग तिला सांगत होता की पूर्वी राण्या इथे जाळीमागे बसून रस्त्यावरची मिरवणूक बघायच्या, त्यांना सगळं दिसायचं, त्या कोणाला दिसायच्या नाहीत. ती तिथून उठेचना. दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मीच वर गेलो आणि तिच्या शेजारी बसलो.

आता एकच आशा उरली होती, ती देवाची. शहराच्या कडेला टेकडीवर गढ गणेशाचं देऊळ आहे. पायऱ्या किती ते मोजलं नाही, मोजलं असतं तर चढलो नसतो. नलिनी गुडघ्यांवर हात ठेवत माझ्या पुढे. वर गणपती आहे तो बाळरूपातला, सोंड नसलेला. मी दोनदा बघितलं. आपण कोकणातली माणसं, गणपती म्हटलं की आधी सोंड डावी की उजवी ते बघतो. बघायलाच काही नाही म्हटल्यावर मला वाटलं, देवाचं इथे निराळं दिसतंय, माझं ऐकेल. देवळात दगडाचे दोन मूषक आहेत, त्यांच्या कानात मागणं सांगायचं, ते देवापर्यंत पोचवतात. मी एकाचा कान धरला आणि म्हटलं, बाप्पा, मुलुंडला हवा चांगली आहे, मान्य, पण तू आपला भांडुपला परत ये. नलिनी दुसऱ्याच्या कानाशी वाकली होती. ती सांगतेय, सांगतेय, मागे रांग लागली तरी सांगतेय. मला वाटलं, गुडघ्यांचं चाललंय.

उतरताना मध्येच टेकलो. शहर खाली पसरलेलं. मी सहज विचारलं, काय मागितलंस गं? ती म्हणाली, गणपती मुलुंडलाच राहू दे म्हणून सांगितलं. मला वाटलं ऊन लागलं हिला. म्हटलं, नलिनी, तूसुद्धा? सगळे तिकडे गेले, आता तूही? तेव्हा ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो. “इतकी वर्षं घरात गणपती आला आणि मी आरती नुसती ऐकली. तुम्ही सगळे पुढे, आणि मी आत मोदकाच्या वाफेत. घालीन लोटांगण आलं की समजायचं, आता पानं वाढायची. त्या राण्यांना जाळीतून तरी दिसायचं हो. गेल्या वर्षी हरेश्वर भावोजींकडे मी पहिल्यांदा समोर उभी राहून आरती बघितली. पहिल्या टाळीपासून प्रसादापर्यंत.” आणि पाण्याची बाटली उघडून मला दिली, कारण मी उन्हाने लाल झालोय असं तिला वाटलं.

हऱ्या, तुझ्या हवामहलावर जळलो, ट्रॉफीवर जळलो, पंख्यावर जळलो, फेट्यावर तर फारच. पण त्या पायरीवर जेवढा जळलो तेवढा आयुष्यात कधी जळलो नाही. तिला आरती दाखवली तू. ठरवून नाही, तुला तर पत्ताही नाही. तुमच्या स्वयंपाकघराला भिंत नाही आणि मोदक बाहेरून आले, एवढंच. ते माझ्या घरात झालं नाही. (मोदक गरमच हवेत, वाफाळते हवेत, हा आग्रह कोणाचा होता ते इथे लिहायची गरज नाही.) गाडीत बोरिवलीपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होतो. नलिनी मला दोनदा म्हणाली, चटणीचं मनावर घेऊ नका, दुसरी करीन.

तर आता पाटाचं उत्तर. पाट तुझ्याकडे येईल, आणि तिथेच राहील. हा निर्णय मी घेतला आहे, थोरला म्हणून, पूर्ण विचार करून, कोणाच्याही सांगण्यावरून नाही. दर्शनाला आणि पोरीला आशीर्वाद. तुझ्यासाठी जयपुरी रजाई आणली आहे. जूनमध्ये रजाई कोण देतं असं विचारू नकोस, तुझ्याकडे एसी आहे.

तुझा (डोक्याने लहान, वयाने मोठा) भाऊ,
सहदेव

ता. क. आत्याला सांगताना नीट सांग. तू पाट मागितलास म्हणून दिला असं नाही, मी दिला म्हणून तुला मिळाला. तिला दोनदा सांग, एका कानाने कमी ऐकू येतं. पहिल्या आरतीचं तबक मात्र माझ्या हातात.

ता. क. दुसरं. तबक नलिनीच्या हातात दे. मी टाळ वाजवीन.

ता. क. तिसरं, आणि हे जरा महत्त्वाचं. सुमेरसिंगने माझा नंबर घेतला. रोज सकाळी तो हवामहलाचा फोटो पाठवतो आणि खाली हात जोडलेले. त्याचा मेव्हणा मीरा रोडला राहतो, आणि यंदा गणपतीत सुमेरसिंग बायकोसह त्याच्याकडे येतोय, माझं मखर बघायला. त्याला मी सांगून बसलोय की गणपती आमच्या घरी असतो आणि मखर मीच करतो. पहिली गोष्ट वर लिहिल्याप्रमाणे आता मुलुंडला होणार. तेव्हा तो येईल त्या दिवशी तुझ्या दारावरच्या पाटीत माझं नाव वर आणि तुझं खाली असं काहीतरी लाव, चिकटपट्टीने चालेल. ट्रॉफी कपाटात ठेव, तिच्यावर तुझं नाव कोरलंय. आणि त्याने विचारलंच तर तू म्हणायचं, दादाच्या हाताखाली शिकलो. तुला काय फरक पडतो रे, तुला शेठ आहे, फ्रेम आहे.

ता. क. शेवटचं. मी जाळी कशी कापतो ते सुमेरसिंगला प्रत्यक्ष बघायचंय म्हणे. म्हणून पुढच्या रविवारी मी येतो. पाट रिक्षात मांडीवर घेऊन येतो, नेलकटरही माझाच आणतो, जुन्या लग्नपत्रिका तेवढ्या तू काढून ठेव. जाळी कशी कापायची ते मला शिकव. शिकवताना हसायचं नाही आणि दर्शनाला त्या वेळी बाजारात पाठव. नलिनीही येतेय, पण तिच्या हातात काही काम देऊ नका. ती नुसती बसायला येतेय.